गाडीत कोण कोण आहे?

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात अब्बास परकारांच्या गॅरेजला पाटी होती, पण ती वाचता येत नसे. अर्धी उन्हाने खाल्ली होती आणि उरलेल्या अर्धीवर शेजारच्या टायरवाल्याने आपल्या दुकानाचा बाण रंगवून घेतला होता. त्यामुळे नवा माणूस आधी टायरवाल्याकडे जायचा, आणि टायरवाला काही न बोलता अंगठ्याने मागे दाखवायचा. मागे एक किडकिडीत माणूस कुठल्यातरी गाडीच्या शेपटाशी उकिडवा बसलेला असे, उजवा तळहात धुराच्या पाईपसमोर धरून. कुणी नाडी बघावी तसा. तेच परकारभाई.

गाडी कशासाठीही आलेली असो, ब्रेकसाठी, दिव्यासाठी, दाराच्या कडीसाठी, ते आधी स्वतः किल्ली फिरवून ती चालू करत, चारही दारं उघडत, मागे जाऊन बसत आणि तळहात धरत. त्या तळहाताची कातडी इतकी वर्षं धूर खाऊन तपकिरी आणि जाड झाली होती. मी एकदा विचारलं, एवढं काय कळतं त्यातून?

"इंजिन पुढं काय वाटेल ते बोलतं, कर्णिकसाहेब," ते म्हणाले. "मागनं जे येतं ते खरं."

आमच्या ऑफिसातल्या मीटिंगांना पंधरा वर्षं बसल्यामुळे मला हे लगेच पटलं.

माझी त्यांची ओळख फोनवर झाली. मी शारजात अल मजाजला राहतो आणि दुबईत पार पलीकडे, जुमेरा लेक टॉवर्सला कामाला जातो. ज्यांना हे अंतर सकाळच्या वेळचं माहीत आहे, त्यांना माझ्या स्वभावाबद्दल वेगळं सांगायला नको. एका सकाळी भर रस्त्यात गाडी बंद पडली. मागचे हॉर्न बडवत होते. कुणीतरी दिलेला नंबर फिरवला आणि म्हटलं, माझी गाडी बंद पडली आहे.

"गाडीत कोण कोण आहे?" पलीकडून आवाज आला.

मला वाटलं फोन चुकीच्या नंबरवर लागला. "अहो, गाडी बंद पडलीय."

"ऐकलं. गाडीत कोण कोण आहे?"

"मी एकटा."

"मग बाहेर येऊन बोला."

हा प्रश्न ते प्रत्येकाला विचारत. काय झालं, कुठं झालं, कुठली गाडी, हे सगळं नंतर. लोक त्यावर विनोद करत. एक केरळी गिऱ्हाईक तर फोन लागताच सांगून टाकायचं, "नो बडी इनसाइड, परकारभाई, ओन्ली कार सिक." परकारभाई हसत नसत आणि रागावतही नसत. उत्तर मिळालं की पुढे जात. आणखी एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. त्यांचा फोन कधी वाजत राहत नसे. हात ग्रीसने माखलेले असले तर कोपराने स्पीकर लावत, नमाजावरून उठले की उभ्या उभ्या सुटलेल्या नंबरांना फोन करत. "काय वो, फोन केला होता? ठीक आहात ना?" समोरचा बहुधा क्रेडिट कार्ड विकणारा असे.

मूळचे ते दाभोळच्या खाडीकाठचे. तिकडे त्यांचं घर होतं, बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन कतारला. गावाबद्दल विचारलं तर माशांबद्दल बोलत आणि माशांबद्दल विचारलं तर गप्प होत. सुट्टीला क्वचित जात आणि गेले तरी दोन-तीन दिवसांत परत. आखातातली माणसं वर्षभर सुट्टीचे दिवस मोजतात. हा माणूस सुट्टी लवकर संपवून येई. त्याचा अर्थ मी माझ्यापुरता असा लावला होता की यांना माणसांपेक्षा गाड्या आवडतात. माझे अर्थ असेच असतात, ऐटदार आणि चुकीचे.

आमच्या डिपार्टमेंटचा प्रमुख शिरीष धारप याला मीच त्यांच्याकडे नेलं. शिरीषची गाडी पांढरी आणि अवाढव्य होती. तिच्यात चढायला पायरी लागे आणि उतरल्यावर लोक बघतायत ना हे बघायला थोडा वेळ. ताशी शंभरच्या वर गेली की ती शिट्टी वाजवायची. शोरूममध्ये तीनदा नेऊन झाली. तिथे टाय लावलेल्या माणसाने टॅब्लेट पुढे धरला, कॉफी दिली, आणि तिन्ही वेळा गाडी धुऊन परत केली. परकारभाईंनी ठरल्याप्रमाणे आधी मागे जाऊन हात धरला (शिरीषने माझ्याकडे बघून भुवया उचलल्या), मग पुढे येऊन काचेच्या कडेच्या रबरावरून अंगठा फिरवला, एका जागी थांबले, तेवढा तुकडा उचलून नीट बसवला. दोन मिनिटांचं काम.

"याचा काही रिपोर्ट वगैरे?" शिरीषने विचारलं.

"हायवेवर शिट्टी ऐकू आली तर परत या. नाही आली, तर तोच रिपोर्ट."

शिरीष परत गेला नाही, पण नंबर ठेवून घेतला. "माणूस हुशार आहे," तो मला गाडीत म्हणाला, "फक्त जरा नाटकी आहे." मला ते पटलं होतं, हे इथे कबूल करतो.

कारण नाटकीपणा मीही पाहिला होता. शारजात एकदा असा पाऊस झाला की आमच्या बिल्डिंगचं बेसमेंट समोरच्या तलावाचाच भाग झालं. पाणी ओसरायला लागल्यावर लोक आपापल्या गाड्या चालू होतात का बघायला धावले. परकारभाई गमबूट घालून आमच्या गल्लीत आले आणि एकेका गाडीच्या काचेवर कागद चिकटवत सुटले. त्यावर इंग्रजी, हिंदी आणि अरबीत एकच गोष्ट होती: किल्ली लावू नका. इंजिनात पाणी असताना सेल्फ मारला तर आतला दांडा वाकतो आणि दुरुस्त होणारी गाडी भंगारात जाते, हे ते प्रत्येकाला समजावत होते. आमच्या मजल्यावरच्या एका माणसाची किल्ली त्यांनी सरळ काढून खिशात घातली. मग पुढचे आठ दिवस ते एकेक गाडी उघडत होते, प्लग काढून पाणी उडवत होते. आणि प्रत्येक वेळी, अगदी प्रत्येक वेळी, किल्ली स्वतः फिरवत होते. माझ्या गाडीचं सगळं झाल्यावर ते मागे हात पुसत होते आणि मी ड्रायव्हरच्या सीटवर होतो.

"करू चालू?" मी विचारलं.

ते पुढे आले, मला खाली उतरवलं, आत बसले आणि चालू केली.

बंद करा, थांबा, हात लावू नका, हे सगळं ते बोलत. 'चालू करा' हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. मी त्याला कारागिराचा अहंकार म्हणत असे.

तो शनिवार डिसेंबरातला होता. इथली मराठी मंडळी त्या सुट्टीत हल्ली जॉर्जियाला जातात; तीन तासांचं विमान, घड्याळसुद्धा बदलावं लागत नाही आणि परत येऊन बर्फातले फोटो वर्षभर दाखवता येतात. शिरीष सहकुटुंब गेला होता. मी ऑइल बदलायला गॅरेजमध्ये आलो होतो आणि कुठल्याशा गाडीतून काढलेल्या मागच्या सीटवर चहा पीत बसलो होतो. अकराच्या सुमारास परकारभाईंचा फोन वाजला. त्यांनी कोपराने स्पीकर लावला.

"परकार, धारप बोलतोय. कर्णिकचा मित्र. मी जॉर्जियात आहे."

"गाडीत कोण कोण आहे?"

"अहो, आधी ऐका तर. गाडी..."

"कोण कोण आहे साहेब?"

"मी, अनघा, दोन्ही मुलं. भाड्याची गाडी आहे." मग हकिगत आली. मोबाइलवरच्या नकाशाने जवळचा रस्ता दाखवला. रस्त्यावर बंपरला लागेल एवढा बर्फ होता. शिरीष त्यातून गाडी रेटत गेला, पुढे जाता येईना म्हणून मागे घेतली, ती कडेच्या ढिगात घुसली. मग फोटो काढायला इंजिन बंद केलं आणि आता चालू होत नव्हतं. कंपनीच्या हेल्पलाइनवर संगीत वाजत होतं.

"सेल्फ मारल्यावर नुसतं टक होतं की इंजिन फिरतं?"

"फिरतंय. पण पकडत नाही."

"फोन बॉनेटपाशी धरा. एकदाच मारा."

स्पीकरमधून कूं कूं कूं असा आवाज आला. परकारभाईंनी डोळे मिटले होते. "बॅटरी जोरात आहे. आता नुसती किल्ली फिरवा, सेल्फ नको. मागच्या सीटखालनं बारीक गुणगुण येते का, पोरांना ऐकायला सांगा."

"यॅ, देअर्स अ हम," शिरीषच्या मुलीचा आवाज आला.

"म्हणजे पेट्रोलचा पंप चाललाय. राहिली हवा. मागचा पाईप बघितलात?"

"हो, मोकळा आहे."

"हात लावून बघितलात?"

"अहो परकार, सांगितलं ना, मोकळा आहे."

मी हळूच विचारलं, "परकारभाई, तुम्ही बर्फ पाहिलाय कधी?"

"मॉलमध्ये. काचेतनं." ते फोनवरून नजर न काढता म्हणाले. "वाळूच ती. थंड वाळू."

त्यांनी शिरीषला बॉनेट उघडायला लावलं आणि एअर फिल्टरचा काळा डबा कसा ओळखायचा ते सांगितलं. क्लिपा निघाल्या, झाकण उघडलं आणि शिरीष ओरडला, "आत बर्फच बर्फ आहे! गच्च भरलाय!" गाडी रेटताना हवेच्या तोंडातून आत गेलेला. अनघाने फिल्टर बाहेर काढून आपटला, मुलाच्या मफलरने डबा पुसला. सगळं परत बसवून झालं.

"लावलं. आता मारू सेल्फ?"

परकारभाई फोनकडे बघत राहिले.

"हॅलो? परकार? मारू का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कपाळावर घाम होता आणि डिसेंबर होता. "तुम्ही सांगा," ते म्हणाले.

मला हसू आलं होतं. मी फोनकडे वाकून म्हटलं, "मार रे, शिरीष."

इंजिन चालू झालं. तिकडे मुलांनी टाळ्या वाजवल्या. "मानलं परकार तुम्हाला! हॉटेलवाले ट्रॅक्टर पाठवतायत, तासाभरात येईल. तोवर आम्ही आत बसतो, चालू ठेवून. हीटर फुल केलाय, काचा बंद..."

परकारभाई उठून उभे राहिले होते. ते शिरीषचं बोलणं ऐकतच नव्हते. त्याच्या मागचा आवाज ऐकत होते.

"कोंडलाय," ते म्हणाले. "आवाज कोंडलाय. पाईप मोकळा नाही. उतरव पोरांना."

"अहो, बाहेर उणे नऊ आहे!"

"उतरव म्हणतो ना! गाडी बंद कर! उतरव!"

एवढ्या वर्षांत मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. टायरवाला हातातलं टाकून धावत आला. शिरीष म्हणत होता, "कर्णिक, या माणसाला काय झालंय," आणि मध्येच त्याचा आवाज तुटून अनघाचा आला.

"मी किल्ली काढलीय. दोघांना उतरवलंय. काय करू सांगा."

"मागं जा बेटी. पाईप शोध."

बर्फात पाय रुतल्याचे आवाज आले. "पाईप दिसतच नाहीये," अनघा म्हणाली. "बंपरपर्यंत गाडलंय सगळं." मग थोडं थांबून, फोनपासून दूर, "शिरीष, तू बघितला होतास ना?"

शिरीषने काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही. गुडघाभर बर्फातून मागे जायचं त्याच्या जिवावर आलं असणार, आणि मोकळा आहे हे म्हणायला कष्ट पडत नाहीत. मी त्याला दोष देत नाही. मीही न बघताच 'मार' म्हटलं होतं.

अनघाने खाऊच्या डब्याच्या झाकणाने बर्फ उकरला. मुलगा कुरकुरत होता, "मम्मा, इट्स फ्रीझिंग, व्हाय आर वी आउट?" मग तिने कुणालाही न विचारता गाडी चालू केली. या वेळी आवाज वेगळा होता, माझ्यासारख्यालाही कळला.

"हात धर पाईपसमोर. काय लागतं?"

"गरम हवा."

"जोरात?"

"जोरात येतेय."

परकारभाई खाली बसले. त्यांचा उजवा हात मात्र तसाच समोर होता, तळवा उभा, जणू पाईप त्यांच्याच पुढ्यात आहे. काचा चार बोटं खाली ठेव, मागचा बर्फ सारखा काढत राहा, असं त्यांनी तिला सांगितलं आणि फोन ठेवू दिला नाही. ट्रॅक्टर येईपर्यंत तास-सव्वा तास तो फोन टूलबॉक्सवर चालू होता. इंजिनाचा आवाज तेवढा येत होता.

ट्रॅक्टर आला, फोन बंद झाला, आणि मग त्यांनी मला सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

सलीम त्यांच्या धाकट्या बहिणीचा, जुबेदाचा नवरा. एका कंपनीची पिकअप चालवायचा. सतरा वर्षांपूर्वी जुलैत, दुपारी, मदाम गावाच्या पुढे वाळवंटात, वाळूत अडकला. गाडी बंद पडली होती. त्याने परकारभाईंना फोन केला आणि त्यांनी असंच, फोनवर ऐकून, वाळूने भरलेला फिल्टर काढायला लावला. गाडी चालू झाली.

"खूश झालो मी," ते म्हणाले. "टायरवाल्याला हाक मारून सांगितलं, बघ, इथं बसून चालू केली. आणि सलीमला म्हटलं, चालू ठेव. एसी लाव, काचा बंद कर, आत बसून राहा. मी येतो."

पोचायला दोन तास लागले. गाडीचं शेपूट वाळूत गाडलेलं होतं. इंजिन चालू होतं, रेडिओ चालू होता. सलीम काचेला डोकं टेकून बसला होता. परकारभाईंनी दार उघडलं तर आतून थंडगार हवा आली. ती थंड हवा ते मला हाताने दाखवत होते, चेहऱ्यावर कुठून कुठपर्यंत लागली ते.

"पाईपचा एक जोड सीटच्या बरोबर खाली होता. आठ दिवस आधी मीच तार आणि पत्रा लावून बांधला होता. म्हटलं होतं, महिनाभर चालेल. जोड पक्का असता तर धूर कोंडून इंजिन आपोआप बंद पडलं असतं. सलीम शिव्या घालत उन्हात उतरला असता. जोड सुटला म्हणून इंजिन चालत राहिलं, आणि धूर सीटखालनं आत येत राहिला."

मी म्हटलं, तुम्हाला कसं कळणार होतं. माणूस अशा वेळी असलंच काहीतरी बोलतो.

"ते नाही," ते म्हणाले. "पोलिसांनी कागदावर लिहिलं, गाडी चालू ठेवून झोपला, गॅसने गेला. जुबेदाने तेच धरलं. सतरा वर्षं ती त्याला बेफिकीर म्हणते. पोरांना सांगते, बापासारखे होऊ नका. मी गेलो की माझ्यासमोर सांगते, मासे वाढता वाढता. आणि मी खातो." ते उठले. "मी सांगितलं होतं आत बस म्हणून, हे तिला माहीत नाही. सलीमने माझं ऐकलं. बेफिकीर नव्हता तो."

शिरीष परत आला तेव्हा त्याने ऑफिसात बर्फाचे फोटो दाखवले. गाडी बंद पडल्याची गोष्टही सांगितली. तीत फिल्टर होता, पाईप नव्हता. अनघाने मात्र गॅरेजवर जाऊन परकारभाईंना मिठाईचा डबा दिला आणि त्यांनी तो तसाच टायरवाल्याकडे सरकवला.

मार्चमध्ये त्यांनी गॅरेज टायरवाल्याला देऊन टाकलं. बाणाला शेवटी पूर्ण पाटी मिळाली. त्यांना शारजा एअरपोर्टवर सोडायला मी, बायको मीनल आणि आमची लेक रेवा गेलो. वाटेत ते एवढंच म्हणाले, "आधी जुबेदाला सांगायचं. मग जेवायचं. आधी जेवलो तर सांगणार नाही."

त्यानंतर दोनदा मी त्यांना फोन केला. दोन्ही वेळा वाजत राहिला. ज्या माणसाचा फोन कधी वाजत राहिला नव्हता, त्याचा. तिसऱ्यांदा मी ऑफिसच्या पार्किंगमधून लावला, तेव्हा एका बाईने उचलला.

"भाई ओट्यावर बसलेत. फोन घेत नाहीत आता. मी बहीण बोलते."

मी नाव सांगितलं. त्यांना बरं आहे ना, विचारलं.

"बरे आहेत. जेवण देते मी. त्यांच्याशी बोलत नाही अजून." मी गाडीत एसी लावून बसलो होतो. तिला मागचा आवाज येत असावा. "गाडी चालू ठेवून बोलताय का वो? मग काच खाली करा आधी." मी केली. मग तिने एक वाक्य सांगितलं, जे मी विचारलं नव्हतं आणि मला ओळखत नसताना सांगायचं तिला काही कारण नव्हतं. "आमचे हे बेफिकीर नव्हते."

परकारभाईंना मी पाहिलं ते त्या एअरपोर्टवर शेवटचं. बॅग घेऊन ते काचेच्या दारापर्यंत गेले, दार उघडलं, आणि ते वळून परत आले. मला वाटलं, धीर सुटला. मी खाली उतरायला लागलो तर त्यांनी हातानेच बसून राहा म्हणून सांगितलं. ते गाडीला वळसा घालून मागे गेले. आरशात आधी त्यांची टोपी दिसली, मग तीही खाली गेली. मागे टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता, एक पोलीस यल्ला, यल्ला म्हणत गाडी हलवायला लावायला इकडे येत होता. बराच वेळ झाला. मग ते उठले, मागच्या काचेला कपाळ लावून आत पाहिलं, रेवाकडे, मीनलकडे, माझ्याकडे. त्यांचे ओठ हलत होते. आम्ही तिघंच होतो, पण त्यांना मोजायला त्याहून जास्त वेळ लागला.

मग त्यांनी उजवा हात पँटला पुसला, बॅग उचलली आणि आत गेले.